बंद कपांचे हेडफोन

प्रिय ताई,

इंटरफेस घेतला. माइक आणि लॅपटॉप यांच्या मधली ती डबी. दोन माइक लागतील अशी घेतली. दुकानदार म्हणाला, घरच्या घरी करायचंय ना, मग एकाची पुरे. मी म्हटलं, ताई बोलायला लागली की तिची छोटी मध्ये तोंड घालणारच, तिला वेगळा माइक हवा. त्याला वाटलं, आपण गाण्याबिण्याचं काही करतोय. तुझ्या घशाच्या ऑपरेशनचं मी बोललो नाही. नंतर आवाज राहील का, यावर डॉक्टर नुसते 'बघू' म्हणतात, हे दुकानात कुठे सांगायचं?

घोळ झाला तो हेडफोनचा. मी इतके घालून पाहिले की दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो, हेडफोन बघताय की मुलगी?" शेवटी उघड्या कपांचे घेतले, हलके, कारण तुझे कान लगेच दुखतात. घरी खिडकीला गादी टेकवली, पंखा बंद केला आणि तपासून बघायला पेपर मोठ्याने वाचला. कानात तुझा जुना व्हॉइस मेसेज लावला होता. मग रेकॉर्डिंग ऐकलं, तर माझ्या वाचनामागे तू! बारीक, पण स्वच्छ. "मेल्या वेलांट्या, जेवलास की अजून वायरीच गुंडाळतोयस?" उघड्या कपांतून आवाज बाहेर गळतो आणि माइक तो टिपतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बदलून बंद कपांचे आणले. ते कान दाबतात, म्हणून त्यांना जुन्या बनियनचं मऊ कापड शिवलंय. हसू नकोस. ते बिघडलेलं रेकॉर्डिंग मात्र पुसवलं नाही.

भावोजी म्हणाले, रेकॉर्डिंगचा विषय काढला की तू चिडतेस. "मी आत्ताच मेल्यासारखं काय वागता रे?" म्हणतेस. खरं आहे तुझं. पण मला गाणं नको, कविता नको, शहाणपणाचं काहीच नको. छोटीला हाक मार. तिला रागव. दार लाव म्हण. ती अजून इतकी लहान आहे, की तिच्या लक्षात काय राहील, कुणी सांगावं.

सोमवारी तुला दाखल करतील. रविवारी येशील? हे फोनवरही विचारता आलं असतं. नंबर लावला आणि कापला. तू 'नको' म्हणाली असतीस, आणि तुझ्या आवाजातलं शेवटचं जे माझ्या कानात राहील ते 'नको' असावं, हे मला सोसणार नाही. म्हणून चिठ्ठी लिहून भावोजींच्या हाती देतोय. यायचं नसेल, तर तूही लिहूनच कळव.

तुझाच,
वेलांट्या