ऐकून मंजूर

पोर्ट चामर्स,
१८ सप्टेंबर २०११

प्रिय फर्गस,

तू हरलास. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र निवांत वाचशील. ‘स्लिपवेज बॅंडची गाणी डाउनलोड म्हणून कुणी विकत घेणार नाही. आपली माणसं हातात धरता येईल अशा गोष्टीला पैसे मोजतात, हवेला नाही,’ असं तू जानेवारीत मासे परतता परतता म्हणाला होतास. तुझ्या बेटावर, तुझ्याच स्वयंपाकघरात, म्हणून मी वाद घातला नाही. घरी आले आणि लोकांनाच विचारलं.

जूनच्या वार्तापत्रात एक चिठ्ठी घातली. तीनशे बारा चाहते उरलेत आपले, अजून. प्रश्न एकच: आपल्या बॅंडच्या तिन्ही रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून घेता आल्या, तर तुम्ही घ्याल का? हो की नाही, आणि कारण असेल तर मागे लिहा. मला वाटलं होतं, पन्नास आल्या तरी खूप. दोनशे चव्वेचाळीस आल्या. पोस्टातली मुलगी म्हणाली, नोलीन, तू निवडणुकीला उभी राहिलीस की काय? मोजायला स्पडला बोलावलं. तो गुडघ्यांवर उशी ठेवून बसला आणि नेहमीसारखा टेबलाचाच ड्रम करून बोटांनी ताल धरत चिठ्ठ्या लावत गेला. एकशे सत्त्याण्णव हो. एकतीस नाही. बाकीच्या सोळा जणांनी उत्तर सोडून सगळं लिहिलंय, लग्न कसं झालं तेसुद्धा. स्पड म्हणाला, ‘या एकतिसातले तीस फर्गसचे चुलतभाऊ असणार.’

नाही म्हणणाऱ्यांतला एक गोर गावचा म्हातारा आहे. तो लिहितो, ‘हवा विकत घेऊन भिंतीवर काय टांगू?’ पण खाली बारीक अक्षरात विचारतो, दुसऱ्या बाजूला जो ओरखडा आहे तो पण त्यात येईल का, कारण त्याशिवाय ते गाणं त्याला अपुरं वाटतं. त्याच आठवड्यात क्राइस्टचर्चच्या एका बाईची चिठ्ठी आली. फेब्रुवारीच्या भूकंपात तिचं शेल्फ पडलं आणि तिन्ही रेकॉर्डी फुटल्या. घरावर लाल कागद चिकटवलाय, आत जायची बंदी. बहिणीकडे टिमरूला एका खोलीत राहते. तिने लिहिलंय, ‘मला आता भिंतच नाही. हवाच द्या.’ ती चिठ्ठी वाचल्यावर स्पडची बोटं थांबली.

एक जण फियोर्डलंडला क्रेफिश पकडायच्या बोटीवर असतो. त्याची रेकॉर्ड खारट हवेने गेली, कॅसेट गेली, सीडीसुद्धा गेली. आता खिशात मावेल असं काही द्या म्हणतो, म्हणजे पिंजरे ओढताना ऐकता येईल. ब्रिस्बेनच्या एका नर्सला फक्त ‘ओहोटीचं पाणी’ ही एकच रेकॉर्ड हवीय, पण सलग, मधली गाणी इकडेतिकडे न करता. बघ, तुझ्याहून हट्टी माणसं आहेत जगात.

फर्गस, या चिठ्ठ्या वाचताना मला वारंवार जहाजकारखान्याची ती शेड आठवायची. एकाहत्तर साल असेल. हेमीशी माझं लग्न व्हायचं होतं. मी कोपऱ्यात लाकडी खोक्यावर कुडकुडत बसायचे आणि तू स्पड आणि हेमीकडून एकच कडवं चाळीस वेळा वाजवून घ्यायचास. स्पड शिव्या द्यायचा. हेमी मात्र बास खांद्यावरून न उतरवता म्हणायचा, ‘वाजव रे. देवाने याला कुत्र्याचे कान दिलेत. आपल्याला जे ऐकू येत नाही ते याला येतं.’ बॅलक्लूथाच्या हॉलमध्ये तू गाणं मध्येच थांबवलंस आणि भर सभेत म्हणालास, ‘मागच्या खोलीतला तो फ्रिज बंद करा, बेसूर आहे.’ लोक हसले. कुणीतरी जाऊन बंद केला. मग तुम्ही पुन्हा वाजवलंत आणि त्याच गाण्याला हॉलमधली सगळी माणसं उभी राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की तुझा तो छळ म्हणजे छळ नव्हता. समोर बसलेल्या माणसाला, मग तो मेंढ्या कातरून थेट आलेला का असेना, तू उष्टंखरकटं वाढणार नव्हतास.

म्हणून तर त्या करारात तू ते वाक्य घालून घेतलंस. ‘फर्गस रॅट्रे यांनी ऐकून मंजूर केल्याशिवाय बॅंडचं कोणतंही रेकॉर्डिंग बाहेर जाणार नाही.’ आम्ही सगळ्यांनी हसत सह्या केल्या. ऑकलंडच्या ज्या कंपनीला आता ही गाणी उतरवून विकायची आहेत, तिचे लोक हेच वाक्य दाखवतात. स्पडची सही झालीय. हेमीच्या वतीने माझी झालीय. तुझी नाही. मार्चमध्ये मी नव्या उतरवलेल्या गाण्यांच्या दोन सीडी तुला पाठवल्या, त्यांचं उत्तर नाही. तीनदा फोन केला. दोनदा उचलला नाहीस. तिसऱ्यांदा उचललास आणि मी बोलत असतानाच ‘सगळं छान, सगळं छान, सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग’ म्हणून ठेवून दिलास.

आता जे लिहिते ते लिहू की नको, यात माझा एक आठवडा गेलाय.

मी तुझ्यावर रागावले होते. साधी नाही, कडक. ईस्टरला केरितानेला हेमीच्या कबरीच्या नव्या दगडावरचं पांघरूण काढलं. त्याच्या आत्या आल्या होत्या, उत्तरेकडचे भाऊबंद आले होते, पन्नास माणसांचं जेवण होतं, स्पडने नवा कोट घातला होता. तू आला नाहीस. प्रार्थना सुरू करायच्या आधी हेमीच्या थोरल्या आत्यांनी रस्त्याकडे बघत मला विचारलं, ‘तो लांब हातांचा गाणारा कुठाय? थांबू या का अजून?’ आणि आम्ही वीस मिनिटं थांबलो, वाऱ्यात. मग मीच म्हटलं, सुरू करा. कब्रस्तानातून बाहेर पडताना रीतीप्रमाणे सगळ्यांनी पाण्याने हात धुतले, मीही धुतले, आणि मनात म्हटलं, फर्गस रॅट्रेचा संबंधही धुऊन टाकला मी. अठ्ठावीस वर्षं एका व्हॅनमध्ये, एका ताटात जेवलेला माणूस, आणि मित्राच्या दगडाला नाही? मी जानेवारीत मुद्दाम बोट पकडून तुला तोंडी सांगायला आले होते. घरच्या माणसाला छापील आमंत्रण कोण धाडतं? तू चुलीकडे तोंड करून उभा होतास. मी म्हटलं, ‘ईस्टरच्या शनिवारी हेमीचा दगड आहे, येशील ना?’ तू वळून हसलास आणि म्हणालास, ‘साखर दोन चमचे, नेहमीसारखी.’ मी समजले, विषय टाळतोयस. रडू नये म्हणून चेष्टा करतोयस. पुरुष करतात तसं. म्हणून पुन्हा विचारलं नाही.

स्पडला मी सांगितलं होतं, की फर्गसचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. तो बिचारा चिठ्ठ्या मोजतानाही ‘तो आपला गायक’ असंच म्हणत होता.

मग ऑगस्टमध्ये डनीडिनला नायरीकडे गेले. आपल्या टेपा तिनेच उतरवल्यात. पन्नाशीची बाई, तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. जुन्या टेपा चिकट होतात म्हणून त्या मंद आचेवर तासन्‌तास भाजाव्या लागतात, तर मी म्हटलं, चीज रोल करतेस की काय? ती म्हणाली, ‘चीज रोल करपले तर दुसरे करता येतात, बाई. हेमी दुसरा मिळणार नाही.’ तिथेच मला ती आवडली. मी तुझी तक्रार सुरू केली: सीडीचं उत्तर देत नाही, फोन ठेवून देतो, विचारलं एक की सांगतो भलतंच, हसून. नायरीने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, ‘माझे वडील पाईप बॅंडात ढोल वाजवायचे. शेवटची सहा वर्षं ते सगळ्याला हो म्हणायचे आणि हसायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा किती गोड झालाय. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. तुमचा गायक ॲम्प्लिफायरच्या किती जवळ उभा राहायचा?’

मी गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. एकेक आठवत गेलं. तुझी किटली शिट्टी मारत होती आणि मीच उठून ती उतरवली होती. पाठीमागून हाक मारली तेव्हा तू वळला नव्हतास. मी बोलताना तू माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होतास, आणि मला म्हातारीला वाटलं, माझी लिपस्टिक विस्कटली असेल! तुझ्या घरात गिटार नव्हती. रेडिओ नव्हता. तुला माझ्या सीडी मिळाल्या आणि त्या तू लावल्याही असशील, आवाज वाढवत वाढवत गेला असशील, आणि मग... पुढचं मी मनातही पुरतं करू शकत नाही.

तू सही का करत नाहीस, हे तेव्हा मला उमगलं. चाहते घेणार नाहीत, हवेला कोण विचारतं, हे सगळं नुसतं बोलायचं. करारात लिहिलंय ‘ऐकून’, आणि जे ऐकलं नाही त्याखाली तू नाव घालणार नाहीस. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून सही ठोकून मोकळा झाला असता. कोण तपासणार होतं? फर्गस, मी चाळीस वर्षं तुझ्या गाण्यांचं कौतुक छापत आलेय. पण त्या दिवशी त्या गाडीत तुझ्याबद्दल जेवढा आदर वाटला, तेवढा कुठल्याही टाळ्यांच्या कडकडाटात वाटला नव्हता. आणि ईस्टरपासून तुला दिलेल्या शिव्या मी एकेक करून परत घेतल्या. स्पडला सांगितलं तेव्हा तो उठून खिडकीपाशी गेला आणि नाक शिंकरून म्हणाला, ‘गाढव आहे तो. मला सांगायचं होतं की. माझा डावा कान कधीच गेलाय.’

मग आम्ही ऐकलं. स्पड त्याच्या एका कानाने, मी दोन्हींनी, नायरी तिच्या यंत्रांनी. तीन रेकॉर्डी, एकतीस गाणी, नऊ दिवस. तुझ्यासारखं नाही जमणार, पण तू चाळीस वेळा वाजवून घ्यायचास तेव्हा मी तिथेच बसलेली असायचे, तर इतकं काही आमच्यातही उतरलंय. पहिल्या रेकॉर्डीवर झांजा फार टोचत होत्या. तीनदा परत करून घेतलं, आता त्या पत्र्यासारख्या नाहीत, पितळेसारख्या वाजतात. ‘केरीज बेची वाट’मध्ये तू श्वास घेतोस तो नायरीने पुसला होता. मी म्हटलं, परत आण, तो त्याचा आहे. आणला. ‘ओहोटीचं पाणी’ सलगच राहील, दोन गाण्यांमधली शांतताही तुझ्या मापाची. आणि शेवटच्या गाण्यात बास संपल्यावर हेमी अगदी हळू ‘हं’ म्हणतो, समाधानाचं. रेकॉर्डवर ते आम्हाला कधी ऐकू आलं नव्हतं. तुला तेव्हाही ऐकू आलं असणार, आणि तू ते मुद्दाम ठेवलं असणार. आम्हाला ते आत्ता कळलं. तुझा चोवीस वर्षांचा आवाज ओल्या दोरासारखा आहे, ताणला की घट्ट होणारा. कुठेही तुटत नाही. मी शपथेवर सांगते.

आता हे सगळं फोनवर न सांगता कागदावर का उतरवलं, ते. मला तुझ्याकडून कबुली नको, काही समजावूनही सांगू नकोस. सोबत कंपनीचा कागद आहे. ते वाक्य त्यांनी बदलून दिलंय: ‘फर्गस रॅट्रे यांच्या वतीने त्यांच्या मित्रांनी ऐकलं, त्या मित्रांच्या शब्दावर मंजूर.’ यात एक अक्षर खोटं नाही. पटलं तर सही कर. नाही पटलं तर करू नकोस, टिमरूच्या बाईला मी काहीतरी सांगेन. आणि दुसरं, जे मी जानेवारीत तुझ्या पाठीला सांगितलं, ते आता नीट लिहून कळवते: शनिवार, २९ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजता, केरिताने. हेमीच्या दगडाशी तू, मी आणि स्पड, तिघंच. आत्यांना सांगितलंय, लांब हातांचा येतोय, त्याला उशीर का झाला हे विचारायचं नाही. आदल्या दिवशी ब्लफच्या धक्क्यावर स्पड गाडी घेऊन उभा असेल. तुझं उत्तर लिहूनच पाठव. फोन केलास तर मी उचलणार नाही.

तुझीच, आणि हेमीच्याही वतीने तुझीच,
नोलीन