मागच्या सीटचा उजेड

ता. ४ फेब्रुवारी

चि. झगमगरावांस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. मला वाटलं आईच्या तब्येतीची बातमी असेल. उघडते तर आत माझ्याच गाडीचा नकाशा! छतावर चांदण्या, सीटखाली जांभळा प्रकाश, प्रवासी बसला की दिवे हळूहळू उजळणार, सोबत संगीत चढत जाणार, आणि मागच्याला रंग अन् गाणं स्वतः निवडता यावं म्हणून त्याच्या हाताशी बटणांची पट्टी. अरे, मी टॅक्सी चालवते. माझ्या प्रवाशाला स्टेशन गाठायचं असतं, स्वर्ग नाही.

दुसऱ्यांच्या गाड्या चालवून कंबर मोडली, तेव्हा कुठे ही स्वतःची दारात आली. तिची तू वरात काढायला निघालास! नाट्यगृहात तू बारा महिने दिवे लावतोस, तिथे ते शोभतं. तिथे लोक खोटं बघायलाच तिकीट काढतात. स्टँडवरच्या बायकांनीही नकाशा पाहिला. आमच्यातली एक ड्रायव्हर आहे, तिला सगळे वाघीण म्हणतात. ती विचारत होती की पडदा कुठून उघडतो आणि मध्यंतरात काय मिळतं.

चांदण्या कुठे किती ते सगळं लिहिलंस, आईचे गुडघे कसे आहेत ते मात्र विसरलास.

बाकी क्षेम. राग धरू नकोस. धरलास तरी पत्र टाक.
तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई काल जिना उतरून शेजारणीशी भांडून, पुन्हा जिना चढून आली. गुडघ्यांचा अंदाज त्यावरून कर. वाघीणबाईंना सांग, मध्यंतरात अपमान मिळतो, तोही फुकट.

तुझ्या गाडीत मी बसलोय, विसरू नकोस. छताला तो एकुलता एक दिवा, ताप आलेल्या काजव्यासारखा. त्याच्या उजेडात माणूस स्वतःची चप्पल ओळखणार नाही. गाण्याचं बटण तर असल्या जागी आहे की तुला मान वाकडी करावी लागते आणि मागचा माणूस मात्र दोन सीटांमधून हात घालून खुशाल फिरवतो. याला तू गाडी म्हणतेस? तुला पहिल्यापासून सौंदर्याचं वावडं. रंगपेटी माझ्याकडे सरकवून तू पेन्सिल घेऊन बसायचीस, आणि चित्र म्हणून बसचं वेळापत्रक काढायचीस.

इकडे सध्या जरा निवांत आहे. हो म्हणालीस तर येऊन सगळं बसवून देतो.

थोरल्यांनी धाकट्यांवर लोभ ठेवायचा असतो, एवढी आठवण देऊन थांबतो.
तुझा भाऊ


ता. २६ फेब्रुवारी

चि. भावास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. कारण सांगते, पण आईच्या कानावर यातलं काही जाता कामा नये.

मागच्या आठवड्यात अंधार पडल्यावर एक गिऱ्हाईक बसलं. कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडाला दारूचा भपका. तू म्हणालास तसंच, दोन सीटांमधून हात घालून त्याने गाणं मोठं केलं. मी कमी करा म्हटलं, तर आणखी मोठं केलं, आणि तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी ओरडले, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. दिवा लावायला हात वर नेला तर बटण सापडेना. शेवटी पेट्रोल पंपाच्या गर्दीत गाडी घातली. हा शहाणा हसत उतरला, दारसुद्धा लावलं नाही. असल्याला घरी कोणी उभं करत असेल का? करतही असतील, इस्त्री कोणीतरी करून देतंच ना.

पाणी प्यायला बाटली काढली, तर झाकण उघडेना. पंपावरच्या बाईने उघडून दिलं. तेव्हापासून दिवस मावळायच्या आत घरी येते. घरच्यांना सांगितलंय, गाडी तापते.

आता पाठव तुझे जांभळे दिवे. पुढच्या गिऱ्हाइकाला वाटेल, मी त्याच्या स्वागतालाच सजून बसलेय.

ताई


ता. १ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो नकाशा फाडला. मागे बसणाऱ्याच्या हातात बटणं द्यायला निघालो होतो मी! अक्कल कुठे शेण खायला गेली होती ते सांगतो. आमचं नाट्यगृह गेल्या वर्षीच बंद झालं. तिथे कपड्यांचं दुकान होतंय. मालकाने सगळ्यांना बोलावून चहा पाजला आणि कला अमर असते असं सांगितलं. सांगता सांगता त्याच कपात सिगारेट विझवली. तुला कळवलं नाही, कारण तू टोमणे मारले असतेस. घरी बसून हात शिवशिवत होते. कशावर तरी उजेड पाडायचा होता, तुझी गाडी सापडली.

आता कामाचं. अंधारात बसलेल्या माणसाला वाटतं, आपण कोणाला दिसतच नाही. प्रेक्षक अंधारात घोरतात, वेफर्स चावतात, काय वाटेल ते करतात. दिवे लागले की तेच कसे सरळ बसतात. म्हणून दिवा छताला, पण झापड लावून, म्हणजे उजेड फक्त मागच्या सीटवर पडेल. तुझ्या डोळ्यांत नाही, समोरच्या काचेवर नाही. त्याचं बटण स्टिअरिंगवर, तुझ्या अंगठ्याखाली. दाबलंस की मागे लख्ख पांढरा उजेड, आणि त्याच क्षणी गाणं बंद. आवाजाचं बटण तुझ्या दाराच्या बाजूला नेतो. मागून हात पोचणार नाही आणि न बघता तुला सापडेल, इतकं जाड.

शनिवारी येतोय. नको म्हणून पत्र पाठवलंस तरी ते पोचेपर्यंत मी निघालेला असेन.

लोभ ठेव, नाही ठेवलास तरी येतोच.
तुझा भाऊ


ता. २० मार्च

चि. भावास,
ताईचे अ. उ. आ.

तू गेल्यावर बरेच दिवस त्या बटणाला हात लावायची वेळ आली नाही. मी पुन्हा अंधारातल्या फेऱ्या घेऊ लागले, इतकंच. काल मात्र वेळ आली.

दोघे बसले. एक गप्प, दुसरे मोठे साहेब. साहेबांनी चालू गाणं बदलून दुसरं लावायची फर्माईश केली. मी लक्ष दिलं नाही, तसे पुढे झुकले आणि माझी वेणी ओढली. गाडी सिग्नलला उभी होती. मी अंगठा दाबला. एकदम लख्ख उजेड, आणि अशी शांतता की मलाच दचकायला झालं. आरशात पाहते तर साहेबांचा हात हवेत, तोंड उघडं, भाषण विसरलेल्या नटाचं ध्यान! शेजारच्या बसमधली माणसं वाकून वाकून बघत होती. मी एवढंच म्हटलं की हात मागे घ्या, नाहीतर इथेच उतरा. आवाज चढवला नव्हता मी. तरी शब्द न् शब्द ऐकू गेला, त्याचंच मला नवल वाटलं.

साहेबांनी हात खिशात घातला. मग दुसराही घातला. मित्राने माफी मागितली, आणि दोघे तिथेच उतरून रस्त्यावरचे दिव्याचे खांब चुकवत चालू लागले. पुढे गाडी बाजूला घेऊन मी पोटभर हसले. नंतर थोडं रडूही आलं, पण ते तुला सांगायची काही गरज नव्हती.

आता तक्रारी. आवाजाचं बटण मुसळाएवढं झालंय, उतरताना रोज गुडघा आपटतो. वायरीवरची चिकटपट्टी सुटायला लागली. आणि उजेड इतका पांढरा, की एक म्हातारे गृहस्थ बसता बसता विचारत होते, ही रुग्णवाहिका तर नाही ना.

वाघीण आणि आणखी दोघी गाडीत बसून, बटण दाबून दाबून खात्री करून गेल्या. त्यांनाही असंच बसवून हवंय. मी स्पष्ट सांगितलं की हा माणूस काम करताना कलेवर व्याख्यान देतो, आणि कोणी हसलं की रुसून बसतो. सहन करू म्हणाल्या.

स्टँडवर मी सगळ्यांना सांगते की माझा भाऊ दिव्यांचं काम करतो. 'करायचा' म्हणायला जीभ वळत नाही. तेव्हा लवकर ये, मला खोटी पाडू नकोस.

आईला नमस्कार. लोभ होता, आहे. वाढवायचा की नाही ते तू आल्यावर ठरवू.
तुझी ताई