आर्डमोरावरचा सुतार

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, पिनर, लंडन

पप्पांनी आज पुन्हा तेच काढलं. "ज्युलिएट, पाटीचं काय झालं?" पाटी आमच्या सिनेगॉगमधली, युद्धात काम केलेल्यांच्या नावांची. तिथे त्यांना त्यांच्या आजोबांचं नाव हवंय — एलोजी नागावकर, जहाजावरचे सुतार, पहिलं महायुद्ध. वय एकोणनव्वद, हृदय थकलेलं, पण हट्ट पोराचा! नऊ नोव्हेंबरला युद्धात गेलेल्यांसाठी प्रार्थना असते, त्याआधी नाव लागलंच पाहिजे. सेक्रेटरी अव्हिएल म्हणतो, "आंटी, फक्त प्रूफ आणा, बाकी मी सॉर्ट करतो."

१७ ऑक्टोबर

मराठीत लिहिते म्हणून लेकीला वाचता येत नाही. मायकेला नाक खुपसते. माझ्यावरच गेलीये.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर क्यू इथल्या सरकारी आर्काइव्हजमध्ये. एलोजींच्या जहाजाच्या, आर्डमोराच्या नोंदवह्या मिळाल्या. मूळची प्रवासी आगबोट. १९१४ च्या डिसेंबरात तिच्यावर तोफा बसवल्या आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड बेटांच्या वर पहाऱ्याला धाडली. काम एकच — जर्मनीकडे माल नेणारी बोट अडवायची. बारा-बारा दिवस गस्त, मग बंदरात कोळसा भरायचा, की पुन्हा तेच. अडवलेल्या बोटीवर होडीतून जायचं, त्या लाटांत! खोके उघडायला सोबत सुतार. एलोजींचं नाव दिसलं आणि मी मोठ्याने "अगं बाई" म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं.

काय काय अडवलं ती यादी वाचून मात्र बरं वाटलं नाही. गहू. चरबी. डब्यातलं दूध. तिकडे लोक उपाशी राहिले असणार. आणि आम्ही पाटी मागतोय.

२२ ऑक्टोबर

पुढची पानं वाचायला नको होती.

मार्च १९१६. नॉर्वेची बोट. एलोजींनी चौदा खोके उघडले, पुन्हा ठोकून बंद केले आणि अधिकाऱ्याला सांगितलं — काचसामान. बंदरात दुसऱ्यांदा उघडले, तर आत पीठ! खोक्यांवर हिब्रू अक्षरं : पेसाहच्या सणासाठी. पत्ता हॅम्बुर्गचा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, हिब्रू वाचतो ते प्रार्थनेपुरतं. पण बोटीवरच्या चारशे माणसांत तेवढं वाचणारे ते एकटेच.

चौकशीत त्यांचा जबाब आहे : "सणाचं पीठ मी कसं अडवू?"

सहा आठवडे कैद. बडतर्फ. पहिल्या बोटीने मुंबईला परत. आणि घरी सांगितलं काय, तर राजाच्या आरमारात होतो!

२४ ऑक्टोबर

अव्हिएलला फोन केला. "डिसमिस्ड म्हणजे... कमिटी नाही ऐकणार हो आंटी." मग हळूच, "पण ते पेज दाखवायलाच पाहिजे का? क्रू लिस्टमध्ये नाव आहे ना, इनफ आहे."

मोह झाला. खोटं नाव थोडंच मागतोय आपण? बोटीवर तर होतेच!

२६ ऑक्टोबर

मायकेलाला सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, आजोबांना खरं सांग. इट्स हिज फॅमिली. हा त्यांचा गोष्ट आहे." मराठीची वाट लावते, पण बोलली ते पटलं.

संध्याकाळी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आजोबा खोटं बोलले?" चष्मा काढून ठेवत — "पाटी नको मग." भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. माझीच मला चीड आली. शंभर वर्षांपूर्वीचं उकरून मी एका म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढला.

२७ ऑक्टोबर

आजही नुसता चहा.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

राहवेना, पुन्हा क्यूला गेले. आर्डमोराचं पुढे काय झालं ते तरी कळू दे. जानेवारी १९१७, टॉर्पेडो. रात्रपाळी, दिवसपाळी, कुणीच वाचलं नाही. मेलेल्यांच्या यादीत सुतार : थॉमस प्रोसर, कार्डिफ, वय एकतीस. एलोजींना काढल्यावर त्यांच्या जागी आलेला.

बाहेर येऊन स्टेशनवरच्या बाकावर बसले. दोन ट्रेन सोडल्या.

२९ ऑक्टोबर

पप्पांना सगळं वाचून दाखवलं. ते उठून बसले. "माझे वडील अठरा सालचे," म्हणाले, "आजोबा परत आल्यावर झालेले." मग माझ्याकडे बघितलं, मायकेलाकडे बघितलं.

"ज्युलिएट, त्या कार्डिफवाल्याला मुलं होती का गं?"