आत्यांचा फोटो घेऊन डॉक्टरीणबाईंकडे

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे कागदावरच.) तुझी तब्येत कशी आहे? एरवी हा प्रश्न मी रीत म्हणून लिहिते. या वेळी उत्तर हवं आहे.

माझ्या जिवाला घोर लावलाय नव्या डॉक्टरीणबाईंनी. वय आपल्या भाचीएवढं, तोरा हेडमिस्ट्रेसचा. चपला, घड्याळ, स्वेटर, चष्मा सगळं उतरवून मी काट्यावर उभी राहिले, तरी त्याने माझ्या वयाचा मान राखला नाही. (खोटं बोलू नये हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला शिकवलं, काटाही त्याच शाळेतला असावा.) बाई म्हणाल्या, चालत जा, तळलेलं कमी करा. मी म्हटलं, आमच्याकडे हाडंच रुंद, पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं. त्यावर त्या हसल्या. टेलिफोन एक्स्चेंजात जन्म काढलाय मी, कोणतं हसणं कसलं ते मला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी पुरावाच नेला, तुझ्या लग्नातला मोठा फोटो. तिन्ही आत्या एका सोफ्यावर. सोफा दिसत नाही. म्हटलं, बघा, रक्तातच आहे, आणि तिघी नव्वदीपर्यंत ठणठणीत. बाई म्हणाल्या, रक्तात बरंच असतं, सगळं नसतं. आत्या चालायच्या का? आता काय सांगू? धाकटी तर समोर बस उभी असली तरी पायी जायची. (मी फाटकापर्यंत जाते, तेही दूधवाल्याशी भांडायला.)

मग त्यांचं बोट सरकलं. हे किडकिडीत गृहस्थ कोण? वडील. कशाने गेले? साखरेने, साठीच्या आत. आणि त्यांच्याच बांध्याची ही नवरी? मी ऐटीत सांगितलं, ही आमची अक्का. चहात चार चमचे साखर, दिवसभर खुर्चीत, आणि कंबर अजून फोटोतलीच.

या वेळी बाई हसल्या नाहीत. "त्यांचं रक्त कधी तपासलंय?"

अक्का, तपासलंयस का गं कधी? बारीक माणसालाही हा रोग होतो म्हणे, आणि वडिलांना असला तर मुलांनी जपायलाच हवं. इतकी वर्षं तुझ्या कंबरेचा हेवा केला; कालपासून तिचीच धास्ती वाटते.

तुझी,
रुंद हाडांची धाकटी

ता. क. माझी साखर ठीक निघाली. हे वर लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस.

आणखी एक ता. क. शनिवारी सकाळी बाईंकडे तुझं नाव घातलंय. उपाशीपोटी यायचं, चहासुद्धा नाही. तू नाहीच म्हणणार, म्हणून भाऊजींना आधीच फोन केलाय. ते गाडी काढतील. मी बाहेर बाकावर बसलेली असेन. भांडायचं ते रक्त देऊन झाल्यावर भांड.