ताईची दाढ

४ जून
फजिती! कर्णबधिर मुलांच्या शाळेत आज पहिला तास – दात कसे घासायचे. आणि मी तोंडाला मास्क लावून दहा मिनिटं बडबडतेय. मुलं ढिम्म. शेवटी त्यांच्या बाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ओठ तरी दिसू देत!"

६ जून
प्लास्टरचा जबडा नेला. मुलं एक तर जबड्याकडे बघणार, नाहीतर खुणा करणाऱ्या बाईंच्या हातांकडे. म्हणून आधी ब्रश फिरवायचा, थांबायचं, मग सांगायचं.
माझ्या ताईलाही ऐकू येत नाही, पण तिच्यासाठी आम्ही घरात कधी थांबलो? पाठ फिरवून बोलायचो, तोंडात घास असताना बोलायचो.

११ जून
रंगाच्या गोळ्या चघळायला दिल्या. घासायचं राहिलं असेल तिथं जांभळा रंग चढतो. वर्गभर जांभळ्या बत्तिश्या! पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी आहे, मी तिला मनात 'खिंडार' म्हणते – ती आरशात बघून हसत लोळायचीच बाकी होती.
पण डावीकडे ब्रश लावू देईना. दाढ किडलेली, हिरडी टम्म. शाळेत नवीनच आलीय. 'दुखतं' ही खूण तिला परवा आली म्हणे. तोवर सांगणार कशी?
ताई नऊ वर्षांची असताना भिंतीवर डोकं आपटायची. आई म्हणायची, "हट्टी कार्टी!" गाल सुजला तेव्हा कळलं – दाढ. हातवारे केले की आई तिच्या हातावर चापट मारायची. "तोंडानं बोल!"
एकदा मीही मारलीय.

१२ जून
बाईंना म्हटलं, मला तुमची भाषा शिकवा. सगळी.

२ ऑगस्ट
खिंडारची दाढ भरून झाली. आता तीच माझी मास्तरीण! 'बहीण'ची खूण चुकले, तर माझी बोटं धरून सरळ केली.
आई गेली त्यानंतर ताईची भेट नाही. अकरा वर्षं. नुसता 'बरी आहे' असा मेसेज येतो फोनवर. ती राहते तिकडे तिच्यासारख्या मैत्रिणी असतील, त्यांच्याशी हातांनी भरभरून बोलत असेल. मला हेवा वाटतो त्यांचा.

१९ ऑगस्ट
ताईला व्हिडिओ कॉल केला. केस किती पिकलेत! आठवडाभर घोटलेलं हातांनी म्हटलं – ताई, चुकलं माझं. तुझी फार आठवण येते.
ती बघत राहिली. मग हसली. घरात सगळे हसले की हसायची, तसंच.

२० ऑगस्ट
सकाळी ताईचा मेसेज – "काल हातांनी काय म्हणालीस? मला ती भाषा येत नाही. कुणी शिकवलीच नाही. रविवारी येते. शिकवशील?"