मागच्या चाकातली हवा

सोम. ७ मार्च ७७
आज बी मागं बसून दौंडला. दोन अंगाला दोन मोठी कॅनं, मदी मी, मांडीवर बिरू, आन् बारकं कॅन पोटाशी धरल्यालं. झाकनं दाबून धराया मानूस लागतंय म्हनं. बिरू अंगावर पितोय, म्हनून त्यो बी. खुटबावच्या बाया म्हंत्यात, रानीवानी फटफटीवर जातीस की गं. एक दिस बसून बगा म्हनावं.
निघताना ह्यांनी काडीनं मागच्या चाकाची हवा सोडली. रोजच दाबून बगत्यात, जरा घट लागलं की सोडत्यात. ह्या रस्त्याचे सगळेच दूधवाले सोडत्यात. चाक टनक असलं की कॅनं आदळत्यात, दूध घुसळतंय, वर लोन्याचे गोळे येत्यात. मग डेरीतला सायेब कॅन मागारी लावतो. चाक मऊ असलं की गादीवानी जातंय म्हंत्यात हे.
गादी. मागनं बगितलं तर चाक भुईवर पसरल्यालं.

शुक्र. ११
कॅनं उतरायच्या आदी दौंडला हे बिडी आनाया गेले, मी फटफटीपाशी हुबी. शेजारी पंक्चरचं दुकान. त्यो मानूस आला, वाकून बगितलं, काटा लावला आन् हसला. "वैनी, दोन मानसं आन् येवढं वझं. मागं तीस तरी हवा पायजे. ह्यात पंधरा बी न्हाई. टायरचं गाल घासत्यात, आतनं तापतंय. एक दिस फाटंल."
म्हनले, मग भरा.
"मालकानं सांगितल्याबिगार न्हाई बा. आन् मला काय, फुटलं तरी माज्याकडंच येनार. तवर तुमीच जरा बारीक व्हा." दुकानातली सगळी खिदळली.
चाकाला हात लावला. तव्यावानी.
घरी सांगितलं. हे म्हनले, "मग त्याच्याकडंच जा नांदायला. दूध बी त्योच घालील डेरीला."

शनि. १२
आमचा आबा घोडीवर बिऱ्हाड लादायचा तवा आदी तिच्या पायाकडं बगायचा. घोंगडी, भांडी, वर दोन कोकरं, वर मी. पाय थरथारला की मला खाली उतरवायचा, चाल म्हनायचा. कोकरं न्हाई उतरवायचा. त्याचा बी राग यायचा मला. आता कळतंय.
ह्ये मी सासूला, आत्याबाईंना, बोलले तर त्या म्हंत्यात, "मेंढरामागं फिरनारी तू, तुला फटफटीतलं काय कळतंय? आमाला वस्ती करून दोन पिढ्या झाल्या." त्यांचा बाप बी मेंढरामागंच मेला.

गुरु. १७
काल दुपारी हे झोपल्यावर शेजारच्या सायकलीचा पंप आनून हवा मारली. हात भरून आलं. ह्यांना कळलं न्हाई, सकाळी घाईत काडी बी लावली न्हाई.
डेरीत झाकन काडलं तर लोनी. सायेब वरडला, "घुसळून आनलंस व्हय रे नामा?" कॅन मागारी.
ह्यांनी भाईर येऊन चाक दाबून बगितलं. घरी आल्यावर पंपाच्या नळीनं. बिरू बगत हुता.

शनि. २ एप्रिल
आज आत्याबाईंना डोळ्याच्या डागदरकडं जायचं हुतं. माज्या जागंवर त्या बसल्या. मी आन् बिरू घरी. जीव हलका झाला, खोटं कशाला लिवू.
पन त्यांनी पाय वर घेतला आन् माज्या तोंडातनं गेलं, "अवं, आज तरी हवा भरा. टायर फुटंल."
सगळी आळी ऐकत हुती. आत्याबाई म्हनल्या, "निघताना काय बोलती ही अवदसा!" हे म्हनले, "परत आल्यावर बगतो तुला."
पाटसच्या अलीकडं फुटलं. दूध सगळं डांबरावर. ह्यांचं कोपर सोललं. आत्याबाईंचा खुबा मोडला.

सोम. ४
आत्याबाईंना जीपनं आनलं. आता खाटंवरच. डागदर म्हनला, चालतील का न्हाई सांगता येत न्हाई.
समोरची धुरपाकाकू आली. म्हनली, "हिची जीब बगा आदी." मला उनात न्हेलं, दोगींनी हनवटी धरली, फडक्यानं जीब वडून बाहेर काडली. उलटीपालटी केली. धुरपाकाकू म्हनली, "हाय, हाय. कडंला काळा ठिपका हाय." बाकीच्यांनी बी बगितला. मी आरशात बगितलं, मला दिसला न्हाई.
मग बिब्बा तापवून लावला. एक थेंब जिभंवर, एक व्हटावर सांडला.
हे दारात हुबं राहून दात कोरत हुते.

बुध. ६
जेवता येत न्हाई. व्हटाला फोड. बिरू तोंडाला हात लावाया येतो, मी त्वांड फिरवते, मग रडतो.

शनि. ९
आत्याबाईंचं आंग पुसत हुते. घरात कुनी न्हवतं. आढ्याकडं बगत म्हनल्या, "फुटायच्या आदी मागनं खाट डुलल्यावानी झालं बग. नाम्याला म्हनले, थांब. त्यो म्हनला, गप बस म्हातारे."
मी म्हनले, मग तुमाला ठावं हाय. हवंनं झालं. माज्या जिभंनं न्हाई.
"ठावं हाय."
मग सांगा की सगळ्यांना.
म्हनल्या, "पोरगं हाय माजं. मी त्याच्या नावानं कशी बोलू? तुजं काय, तू परक्याची." आन् म्हनल्या, "पानी गार झालंय, दुसरं आन."
आनलं.

सोम. ११
दुसरं टायर बसवलं. पंक्चरवाल्यानं दिलं म्हनं, हलकंच हाय. मी शिवून बगितलं, गाल पातळ. ह्यांनी सोताच त्याचं बोलनं सांगितलं, हसत: "म्हनतोय, ह्येच्या आत कापडाच्या चारच पट्ट्या हायत, तुज्या वझ्याला सा पट्टीचं लागतंय. पट्ट्या मोजत बसू का दूध घालू?"
कॅनं तेवढीच.

मंग. १२
ह्ये काय ऐकतीय मी.
धुरपाकाकूनं आत्याबाईंच्या कानात भरवलं, पोरगं हिच्या नजरंत ठिवू नगा, हिच्या जिभंखाली ठिवू नगा. आत्याबाईंनी ह्यांना सांगितलं. आन् ठरलं. मी घरी, झाकनाला दोरी. बिरू रोज ह्यांच्यासंगं जानार. टाकीवर बसून. डेरीपुढचा चहावाला सांभाळील तवर.
मी म्हनले, त्यो प्यायचा हाय अजून.
"डेरीत दूध कमी हाय व्हय?" आन् हसले.

बुध. १३
गेला. टाकीवर. दोन्ही हातानं आरसा धरून. मागं वळून माज्याकडं बगितलं, हसला. त्याला मज्जा वाटतीया.
ऊन चढोस्तवर दुधानं पदर दोन डाव भिजला. आत्याबाईंनी बगितलं, त्वांड फिरवलं.
आले. बिरूच्या केसात धूळ. प्याला, पिता पिता झोपला. चाकाला हात लावला. तव्यावानी.

गुरु. १४
आज बी गेला. आज बी आला.
पाया पडले ह्यांच्या. हळू बोलत हुते. म्हनले, बिरूला ठिवा, न्हाईतर हवा भरा, दोनातलं एक तरी. हे म्हनले, "पुन्यांदा फुटायचं नाव काडलंस तर बिब्बा मी लावीन. जिभंवर न्हाई, नरड्यात."
ह्यांना भ्या वाटतंय माजं. आज कळलं. मारताना बी माज्या तोंडाकडं बगत न्हाईत.

शुक्र. १५
बिरूला टाकीवर बसवला. काडी काडली, वाकले. मी जाऊन चाकाम्होरं हुबी राहिले.
"बाजूला सर."
म्हनले, मी बोलनार हाय.
"काय?"
बोलनार हाय. आळीम्होरं. हवा न भरता गेलात तर आज काय हुतंय त्ये बोलनार हाय.
हात उगारला. निम्म्यात थांबला. धुरपाकाकू दारातनं वरडली, "नामा, तिला बोलू दिवू नगंस रं! पोरगं हाय वर!" आतनं आत्याबाई, "भर बाबा, भर, ती म्हंती तेवढी भर!"
पंप आनला. हे मारत हुते, मी बगत हुते. घाम गळत हुता. मला सांगू का, बरं वाटलं. लई बरं वाटलं.
थांबले. म्हनले, "किती?"
तीस म्हनले. तर म्हंत्यात, "तीस म्हंजी किती? काटा दौंडला हाय. अंगठ्यानं सांग."
अंगठा दाबला. टनक लागलं. आन्खी म्हनले. आन्खी मारली. परत दाबला. कळंना. पंधरा कशी लागती, तीस कशी लागती, मला काय ठावं? सगळी माज्या तोंडाकडं बगत हुती.
बास म्हनले.
मग त्यांनी कॅनं लावली. दोन मोठी, वर बारकं, झाकनाला दोरी. चाक परत खाली बसलं. पैल्यायेवढं न्हाई, पन बसलं. मी रिकाम्यालाच दाबून बगितलं हुतं. आन् वझं कमी करा म्हनायचं, टायर पातळ हाय म्हनायचं, त्ये राहूनच गेलं. त्वांड उघडलं तवर हे बसले हुते. "आता बोल," म्हनले, "समाधान झालं न्हवं? बोल."
जावा म्हनले.
ऊन अंगनात आलंय. रोज ह्या वक्ताला फटफटीचा आवाज येतो. आज अजून न्हाई. पदर भिजलाय.
आत्याबाई आतनं इचारत्यात, "काय म्हनलीस गं त्याला निघताना?"
जावा म्हनले.
"जाऊन या न्हाई म्हनलीस?"