उत्तर येईपर्यंत मागेच

लिहून ठेवते की, मी, मालवाहू बोटीची मालकीण, वय त्र्याहत्तर, शाळा दुसरीत सुटलेली, आज पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबणारी असते तर सासूच्या हाताखालीच संपले असते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. धक्क्यावरच्या दोन खोल्या थोरल्या मुलाला. छप्पर गळतं. आजवर नुसतं बघितलं, आता दुरुस्त करावं.

२. पाने, जॅक, ग्रीसचा डबा धाकट्याला. इंजिनाशी बोलतो त्याच्या निम्मं तरी बायकोशी बोलावं.

३. दागिने नाहीत. मोडून इंजिन घेतलं. नातींनी कपाटं उचकटू नयेत.

४. बोट धाकट्या सुनेला, एकटीला. कारण देते. नदीत पुढच्या बोटीला मागे टाकायचं तर आधी भोंग्याने विचारतात. उजवीकडून जायचं तर एकदा, डावीकडून तर दोनदा. पुढच्याने तसाच भोंगा दिला तरच जायचं. गेल्या वर्षी वळणाजवळ आमच्या पुढे ढोल्याची रेतीची बोट होती. त्याची पोरगी मी सून करून घेतली नाही, तेव्हापासून तो माझ्यावर डूख धरून आहे. सुकाणूवर सून होती. तिने भोंगा दिला, ढोल्या गप्प.

थोरला ओरडला, "अगं, मुद्दाम छळतोय तो! घाल पुढे!"

"भाऊजी, आपण विचारलंय. त्यांनी हो कुठे म्हटलंय?"

"तू काय जन्मभर त्याची शेपटी धरून जाणार?"

ती मागेच राहिली. तेवढ्यात वळणावरून माणसांनी भरलेली फेरीबोट समोर आली. ढोल्याला ती आधीच दिसली होती. त्याच्यावरचा राग मी या कागदाने सोडते. निम्मा.

५. बोट थोरल्याच्या हक्काची, असं सगळे धरून चालले होते. त्याला ओलांडून ती धाकटीला द्यायची, तर त्यालाही विचारायला हवं. काल हे वाचून दाखवलं. म्हटलं, "तू हो म्हणेपर्यंत सही करत नाही." जेवला नाही, धक्क्यावर जाऊन बसला. आज सकाळी आला आणि म्हणाला, "दे तिला, आई. दोर मी सांभाळतो."

म्हणून सही करते.

सही: बोटीची मालकीण
साक्षीदार: धक्क्यावरचा न्हावी, औषधाच्या दुकानातल्या बाई (दोघांनाही काही मिळणार नाही, सांगितलेलं आहे)
ठिकाण: धक्क्यावरची पुढची खोली
तारीख: ४ मार्च, मंगळवार